जुन्या मालकाचे साल संपले
(रोमकरांस पत्र, अध्याय ६ ते ८ यांवर मनन)



काही महिन्यांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्यापैकीच एक गृहस्थ चर्चच्या पायरीपाशी थांबले होते. सळईच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारा माणूस. सगळे पांगल्यावर जवळ येऊन म्हणाले, "फादर, दर बारीला तेच पाप सांगायचं, अन् पगाराच्या दिवशी पुन्हा तेच करायचं. देवालाबी कटाळा आला असंल. आता पापनिवेदनाला यावं का नाही?"

हा प्रश्न त्यांनी पायरीवर, उघड्यावर विचारला आणि आम्ही तो लिहिला तर चालेल असेही सांगितले. म्हणूनच तो येथे मांडत आहोत. त्या दिवशी आम्ही त्यांना "जरूर या" एवढेच उत्तर दिले. ते उत्तर खरे होते, पण अपुरे होते. हा प्रश्न त्या एका माणसाचा नाही. कोणाचे व्यसन दारूचे असते, कोणाचे मोबाइलवरील जुगाराचे किंवा घाणेरड्या चित्रांचे. कोणी घरात हात उगारतो, कोणी सख्ख्या भावाशी बांधाच्या वादावरून दहा वर्षे अबोला धरतो, कोणी अडलेल्या माणसाला भरमसाट व्याजाने पैसे देतो. पाप निरनिराळे असते, पण थकवा एकच असतो: "मी सुटणार नाही." संत पौलाने रोम येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात याच थकव्याला उत्तर दिले आहे. ते आपण आज सावकाश समजून घेऊ.

पाप म्हणजे केवळ कृत्य नव्हे, तर सत्ता

पाप म्हटले की आपल्याला यादी आठवते: खोटे बोललो, शिवी दिली, मिस्सा चुकवली. यादी आवश्यकच आहे. परंतु रोमकरांस पत्राच्या पाचव्या ते आठव्या अध्यायांत पौल बहुतेक ठिकाणी 'पापे' असे अनेकवचन न वापरता 'पाप' असे एकवचन वापरतो. तो पापाविषयी एखाद्या मालकाविषयी बोलावे तसा बोलतो. हा मालक राज्य करतो, हुकूम सोडतो, राबवून घेतो आणि शेवटी मजुरी देतो. ती मजुरी म्हणजे मरण (रोम ६:२३).

पौलाने हे पत्र साधारणपणे इ. स. ५७ च्या सुमारास करिंथ येथून लिहिले. त्या काळी रोममध्ये गुलामांची संख्या फार मोठी होती, आणि पत्र ऐकणाऱ्या मंडळीतही गुलाम व गुलामीतून मुक्त झालेले लोक होते. त्यामुळे मालक म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. तुमच्या समजुतीसाठी मी माणसांच्या व्यवहारातला दाखला देतो, असे पौल स्वतःच म्हणतो (६:१९). मग आम्हीही आपल्या मराठवाड्यातला दाखला घेतला तर चुकणार नाही.

आपल्यातील अनेकांचे वडील किंवा आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे. काही रक्कम आधी उचलायची आणि वर्षभर पहाटेच्या वैरणीपासून रात्रीच्या पाण्यापर्यंत मालकाच्या शेतात राबायचे. वर्षात घरी दुखणे आले किंवा लेकीचे लग्न निघाले की आणखी उचल घ्यायची. पुढच्या पाडव्याला हिशेब झाला की अंगावर बाकी राहिलेली असायची आणि ती फेडण्यासाठी पुन्हा त्याच मालकाचे साल धरावे लागायचे. आजही आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगाम संपला तरी अनेकांची बाकी संपत नाही.

पापाचा व्यवहार नेमका असाच असतो. ते आधी उचल देते. चार घटका दुःखाचा विसर, मित्रांमध्ये मान, चटकन हाती येणारा पैसा, सूड घेतल्याचे समाधान, ही सर्व पापाची उचल आहे. ती खरी असते, म्हणून तर माणूस ती घेतो. पण हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि बाकी कधीच फिटत नाही. जो पाप करतो तो पापाचा गुलाम होतो, असे प्रभू येशूनेही यहुद्यांना स्पष्ट सांगितले आहे (योहान ८:३४).

सुटका कशी झाली?

सालगड्याच्या दाखल्यात एक गोष्ट कमी पडते. गड्याचे साल निदान पाडव्याला संपते. पापाचे साल आपोआप कधी संपत नाही. पौल म्हणतो की या मालकाच्या हातून एकच माणूस सुटतो, तो म्हणजे मेलेला माणूस (रोम ६:७). मेलेल्याला कोणी कामावर बोलावत नाही आणि त्याच्याकडे कोणी बाकी मागत नाही.

आणि येथेच आपली सुवार्ता आहे. जो पापाचा कधीच ऋणी नव्हता, तो प्रभू येशू ख्रिस्त आपल्यासाठी क्रुसावर मेला व मेलेल्यांतून उठला. बाप्तिस्म्यात आपण त्याच्या मरणात सहभागी झालो, त्याच्याबरोबर पुरले गेलो आणि नव्या जीवनासाठी उठलो (६:३-४). पास्खा जागरणाच्या रात्री नव्या अग्नीनंतर आणि जुन्या करारातील वाचनांनंतर आपण हाच उतारा ऐकतो व मग मेणबत्त्या पेटवून आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो. बाप्तिस्म्याने मूळ पाप आणि सर्व वैयक्तिक पापे धुतली जातात, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जुन्या मालकाची वही फाडली गेली आहे. आता तो दारात येऊन हाक मारेल, दटावेलही, पण त्याचा हक्क उरलेला नाही.

म्हणून पौल "पाप करू नका म्हणजे तुम्ही मुक्त व्हाल" असे सांगत नाही. त्याचे सांगणे उलटे आहे: तुम्ही मुक्त झाला आहात, म्हणून पापाला आपल्यावर राज्य करू देऊ नका (६:११-१४). हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी देवाची कृपा, मग आपले प्रयत्न. हा क्रम उलटला की धर्म म्हणजे नुसते ओझे होते.

मग पाप अजून का छळते?

येथे कोणीही विचारील, "फादर, वही फाडली असेल तर माझे पाय संध्याकाळी त्याच दुकानाकडे का वळतात?"

ख्रिस्तसभा हे नाकारत नाही. बाप्तिस्म्यानंतरही आपल्यात पापाकडे झुकणारी ओढ उरते (कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण, परिच्छेद १२६४). ही ओढ म्हणजे स्वतः पाप नव्हे. तिला होकार दिला तर पाप होते आणि कृपेच्या बळावर नकार दिला तर तिची हानी होत नाही, उलट आपले बळ वाढते. मोह झाला म्हणून स्वतःला पापी समजून खचणारे अनेक भले लोक आम्ही पाहतो. त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे.

आपल्या मराठवाड्यातील माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, दिल्लीत तिरंगा फडकला, पण जालन्यात तो दिवस उजाडला नाही. येथे निजामाची राजवट आणि रझाकारांची दहशत आणखी तेरा महिने चालली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. देश स्वतंत्र झाला होता हे खरे आणि आपला मुलूख अजून सुटायचा होता हेही खरे. बाप्तिस्मा झालेल्या माणसाचे असेच असते. अंतःकरणात ख्रिस्ताचा झेंडा लागला आहे, परंतु आयुष्याचा एखादा तालुका अजून जुन्या अंमलाखाली असतो. कोणाचा तो तालुका म्हणजे जीभ, कोणाचा पैसा, कोणाचा राग, कोणाचा देह. तेथे संघर्ष चालू आहे याचा अर्थ स्वातंत्र्य खोटे आहे असा होत नाही. स्वातंत्र्य आले आहे म्हणूनच संघर्ष चालू आहे. जो गुलामीत निवांत असतो, त्याला संघर्ष नसतोच.

दुसरे कारण सवयीचे आहे. संत ऑगस्टीन हा मोठा बुद्धिमान मनुष्य, पण वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत तो देहवासनेतून सुटू शकला नाही. त्याने आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या आठव्या भागात साखळीची कडी कशी जुळते ते सांगितले आहे. इच्छा वाकडी झाली की वासना होते, वासनेची सेवा केली की सवय होते आणि सवय मोडली नाही की ती गरज होऊन बसते. ही साखळी कोणी बाहेरून घातली नव्हती, ती त्याच्याच इच्छेने घडवली होती. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे त्याचे मनपरिवर्तन झाले व पुढच्या वर्षी पास्खाच्या सणाला संत आंब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. आई संत मोनिका यांची अनेक वर्षांची अश्रूंची प्रार्थना फळास आली. केवळ मनाच्या जोरावर माणूस चांगला होऊ शकतो असे त्या काळी पेलागियुस शिकवू लागला, तेव्हा ऑगस्टीनने त्याचा कडाडून विरोध केला. स्वतःच्या अनुभवावरून त्याला ठाऊक होते की कृपेवाचून ही साखळी तुटत नाही.

सवय जुनी असेल तर दोष किती, हेही ख्रिस्तसभा तारतम्याने पाहते. गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेने दिलेली संमती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ते प्राणघातक पाप ठरते (परिच्छेद १८५७). अज्ञान, भीती, सवय आणि अनावर आसक्ती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते (परिच्छेद १७३५). यात सबब शोधू नये. जबाबदारी कमी झाली तरी घरातल्या लेकरांची उपासमार कमी होत नाही. पण ज्याचे पाय व्यसनात रुतले आहेत त्याला दगड मारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

पुन्हा पुन्हा पापनिवेदन कशासाठी?

आता पायरीवरच्या त्या प्रश्नाकडे येऊ. येथे दोन चुका होतात आणि दोन्ही माणसाला संस्कारापासून दूर नेतात.

पहिली चूक निर्धास्तपणाची. "देव दयाळू आहे, पाप करू, नंतर सांगू." पौलाच्या काळीही असे म्हणणारे होते. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, असा प्रश्न विचारून पौल तो तिथेच झिडकारतो (६:१-२). सुटलेला गडी जुन्या मालकाकडे उचल मागायला जात नाही. गेला तर तो पुन्हा बांधला जातो. पुन्हा तसे न करण्याचा निश्चय नसेल, तर पापनिवेदन हा नुसता शब्दांचा व्यवहार होतो.

दुसरी चूक निराशेची. "मी पुन्हा पडणारच आहे, मग माझा पश्चात्ताप खोटाच." येथे नीट भेद केला पाहिजे. पडेन अशी भीती वाटणे वेगळे आणि पडायचे असे ठरवणे वेगळे. भीती ही आपल्या अनुभवावरून बुद्धीने बांधलेला अंदाज आहे. निश्चय हे इच्छाशक्तीचे काम आहे. आजारी माणसाला ताप पुन्हा येईल अशी धास्ती असते, म्हणून त्याला बरे व्हायचे नाही असे कोणी म्हणत नाही. तेव्हा प्रिय बंधो, पापनिवेदनाच्या घडीला "हे मला नको आहे, प्रभो, तू साहाय्य कर" एवढे तुम्ही मनापासून म्हणू शकत असाल, तर तुमचा पश्चात्ताप खरा आहे. पुढच्या महिन्यातील घसरण त्याला मागे जाऊन खोटा ठरवीत नाही.

देवाला कंटाळा येईल काय? भावाला सत्तर वेळा सातदा क्षमा कर असे प्रभूने पेत्राला सांगितले (मत्तय १८:२२). जे तो आपल्याकडून मागतो त्याहून कमी तो स्वतः देईल काय? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पोप झाल्यावर पहिल्याच रविवारी संत पेत्राच्या चौकातील लोकांना हेच सांगितले होते की क्षमा करताना देव थकत नाही, क्षमा मागताना आपणच थकतो. आम्ही धर्मगुरूही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो आणि आमच्याही यादीत वर्षानुवर्षे तीच पापे असतात. म्हणून हे आम्ही वरून खाली सांगत नाही, रांगेत तुमच्या शेजारी उभे राहून सांगत आहोत.

सुटलेल्याने जगावे कसे?

१९७६ साली आपल्या देशात वेठबिगार पद्धत कायद्याने नष्ट झाली. वेठबिगारांच्या डोक्यावरचे त्या पद्धतीतील सारे कर्ज कायद्याने रद्द ठरले. तरी पुष्कळ जण त्यानंतरही त्याच मालकाकडे राबत राहिले. काहींना कायदा झाल्याचे कळलेच नाही. काहींना कळले, पण दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवावी हे ठाऊक नव्हते. सुटका जाहीर होणे आणि सुटलेले आयुष्य उभे राहणे यांत अंतर असते. ते अंतर कापण्यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो.

१. मालकाची हाक ओळखा. रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटे विवेकपरीक्षण करावे. केवळ काय चुकले एवढेच नव्हे, तर कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कशा मनःस्थितीत चुकले ते पाहावे.

२. पापाचा प्रसंग टाळा. पगाराच्या दिवशी ज्या रस्त्याने गेल्यावर पाय अडखळतात तो रस्ता सोडावा. शक्य असेल तर त्या दिवशी पत्नीला किंवा थोरल्या मुलाला कारखान्याच्या फाटकाशी बोलवावे. पैसे घरी त्यांच्या हाती जावेत. रात्री मोबाइल उशाशी ठेवू नये. यात कमीपणा नाही. मोहाबरोबर सुटकेची वाटही देव देतो (१ करिंथ १०:१३), आणि ती वाट पुष्कळदा अगदी साधी, पायाखालची असते.

३. रिकामी जागा भरा. घरातून निघालेला अशुद्ध आत्मा परत आला, घर झाडलेले पण रिकामे दिसले, तेव्हा तो आणखी सात आत्मे घेऊन आला, असा दाखला प्रभूने दिला आहे (मत्तय १२:४३-४५). नुसते "सोडले" पुरत नाही. त्या वेळेत काय धरले हे महत्त्वाचे. संध्याकाळची जपमाळ, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची भेट, रविवारची मिस्सा आणि ख्रिस्तशरीराचे सेवन यांनी ते घर भरावे.

४. एकट्याने लढू नका. व्यसन हे पुष्कळदा आजारही असते व आजाराला वैद्य लागतो. मुंबई धर्मप्रांतातील फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा' ही संस्था व्यसनी बांधवांसाठी सुरू केली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. एकीच्या नावात कृपा आहे, दुसरीच्या नावात मुक्ती. उपचार घेतल्याने श्रद्धा कमी ठरत नाही, देव वैद्याच्या हातूनही काम करतो. कोणाला जायचे असेल तर धर्मगुरुनिवासात या, आम्ही सोबत येऊ.

५. नुकसान भरून द्या. जक्कयाने ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले (लूक १९:८). मारलेल्या पत्नीची क्षमा मागणे, दाबून ठेवलेली मजुरी देणे, भावाच्या दारात आपण होऊन जाणे हे प्रायश्चित्ताचेच अंग आहे.

आणि एक गोष्ट आपणा सर्वांसाठी. वेठबिगारीतून सुटलेल्याला दुसऱ्या दिवशीची भाकर लागत होती. दारू सोडलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी बसायला माणसे लागतात. आपण त्याला लग्नात, बारशात "एक घोट घे, काही होत नाही" म्हणत असू, किंवा त्याच्या पाठीमागे "किती दिवस टिकतंय बघू" म्हणत असू, तर जुन्या मालकाचे मुकादम आपणच झालो.

मालक नव्हे, बाप

पौल सहाव्या अध्यायात म्हणतो की आता तुम्ही नीतिमत्त्वाचे दास झालात. पण तो तेथेच थांबत नाही. आठव्या अध्यायात तो सांगतो की तुम्हाला गुलामीचा आत्मा मिळालेला नाही, पुत्रत्वाचा आत्मा मिळाला आहे, आणि त्या आत्म्याने आपण देवाला 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो (८:१५). पापाकडून मिळते ती मजुरी, देवाकडून मिळते ते दान. मजुरीचा हिशेब असतो, दानाचा नसतो.

उधळ्या पुत्राने परतताना वाटेत बोलणे घोकून ठेवले होते: मला आपल्या चाकरांपैकी एक म्हणून ठेवा (लूक १५:१९). आपल्या भाषेत सांगायचे तर, "बाबा, मला सालगडी म्हणून ठेवा." त्याला वाटले, आता मुलगा म्हणून नाही तर निदान गडी म्हणून बाकी फेडू. लूकचे शुभवर्तमान नीट वाचा. बापापुढे तो पापाची कबुली देतो, पण चाकर होण्याचे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. तोवर बाप अंगठी, झगा आणि पायतण आणायला सांगतो. या घरात मुलाला साल धरता येत नाही.

बंधो, तुम्ही पायरीवर विचारलेत, यावे का नाही. पगार झाल्यावरचा रविवार असेल, मागच्या वेळचेच पाप असेल, मान खाली असेल, तरी या. तुम्ही गडी म्हणून हिशेब द्यायला येत नाही, मुलगा म्हणून घरी येता. दर शनिवारी सायंकाळी आणि रविवारी मिस्सेपूर्वी आम्ही पापनिवेदनासाठी बसलेले असतो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. माझ्या आयुष्यातील कोणता 'तालुका' अजून जुन्या अंमलाखाली आहे?
२. पाप मला कोणती उचल देते आणि तिची बाकी घरातील कोण फेडतो?
३. आपल्या वस्तीत व्यसनातून सुटू पाहणाऱ्या एका घरासाठी या आठवड्यात आपण काय करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी मरण सोसून आम्हाला मोकळे केलेस. जुना मालक हाक मारील तेव्हा आम्ही तुझे आहोत हे आम्हाला आठवू दे. आम्ही पडलो तर उठायची लाज वाटू देऊ नकोस, आणि दुसरा पडला तर त्याला हात देण्यास आम्हाला शिकव. पवित्र मरिये, पाप्यांच्या आश्रये, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू